वजन-माप खात्याचा माणूस

मी त्याला पहिल्यांदा शिव्या घातल्या
तेव्हा तो कुणीच नव्हता.
खांद्याला कॅनव्हासची पिशवी, पिशवीत पितळी वजनं,
फडक्यात तान्ह्या बाळांसारखी गुंडाळलेली.
नदीकाठच्या बाजारात, बाजरीवाल्यांच्या ओळीत
त्यानं माझा एनॅमलचा वाडगा उपडा केला,
बुडावर बोटानं टकटक केलं,
म्हणाला, "बाई, याला दोन बुडं आहेत."

होती.
दुष्काळाचं तिसरं वर्ष, अंगावर चार पोरं,
नवरा समुद्राकडच्या मुलखात कोको तोडायला गेलेला
तो गेलेलाच.
सांगितलं मी सगळं. त्यानं मान खाली घालून ऐकलं.
दंड लावला नाही. खिळा काढला, दगड उचलला
आणि वाडग्याला आरपार भोक पाडलं.
नव्या वाडग्याला पैसे दिले का? छे!
इद्दे सुमाना. मी ते नाव
बरीच वर्षं थुंकीसारखं तोंडात धरून ठेवलं.

तेव्हा आमच्याकडे राष्ट्राध्यक्ष म्हणजे गणवेश.
एक गेला की दुसरा; टोपी तीच,
कचेरीतल्या तसबिरीचा खिळाही तोच.
मग मास्तरांचा संप झाला, पोरांचे मोर्चे निघाले,
पुलावर तिघं मेली, त्यातली एक कापडवाल्या बिबाताची मुलगी,
आणि एका गरम सकाळी आमच्या हातात रंगीत कागद आले.
वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रं:
कुणाचा उंट, कुणाची कुदळ.
त्याचा तराजू.
रांगेतल्या बाया मला हसल्या, "अगं, तुझा तो भोकपाड्या!"
मी आत जाऊन तराजूच टाकला.
ज्यानं मला पकडलं, तो त्यांनाही पकडेल.
एवढंच माझं राजकारण.

तीन वर्षं, दोन महिने.
रेडिओवर तोलूनमापून बोलायचा,
मध्ये इतका थांबायचा की वाटे, बॅटरी संपली.
शपथेला घातलेला निळा अंगरखाच
सणाला, परदेशी पाहुण्यांना, सगळ्याला.
तुरुंग उघडले. विहिरी खणल्या,
आमच्या गल्लीत नाही.
शिपायांचे पगार थकले, मास्तरांचेही.
आणि मदतीचा तांदूळ आला बंदरातून:
पोत्यावर छापलेलं पन्नास किलो, आत बेचाळीस.
ठेका मेहुण्याचा, हे बाजारातल्या गाढवांनाही ठाऊक.
आम्ही खिळ्याची वाट पाहिली.
पोतं हातानं उचललं तरी कळतं, किती आहे ते.
खिळा आला नाही.

एका पहाटे रेडिओवर नुसता बँड वाजत राहिला.
मी चूल पेटवली नाही. कळलंच.

त्याला गुरांच्या दवाखान्यामागच्या घरात ठेवलं, नऊ वर्षं.
बायको तिथंच गेली.
दफनाला नेताना बेड्या घातल्या नाहीत
म्हणून त्यानं शिपायांचे आभार मानले, असं सांगतात.
मला ते ऐकून रागच आला.

सुटल्यावर एकदा आला, एकटा,
एका चपलेला तारेचा टाका.
माझ्या मागे त्या जुन्या वाडग्यात नातीनं भेंडी लावलेली;
भोकातून पाणी छान निथळतं. त्यानं पाहिलं ते.
बाजरी मागितली. मी शिगेनं माप भरलं,
त्यानं तळहातानं शीग पाडली.
तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं,
"मेहुण्याचं पोतं तेवढं तोलायचं राहिलं होय?"

तो थांबला. रेडिओवर थांबायचा तसाच.
"तोललं होतं," म्हणाला.

पाचशेचं नाणं ठेवलं आणि निघाला.
पंचवीस परत द्यायचे होते.
मी हाक मारली नाही.

परवा त्याचा जनाजा गेला पुलावरून.
नव्या शिपायांनी सलामी दिली, बंदुका उलट्या धरून.
ते पंचवीस माझ्या कनवटीला आहेत, वेगळ्या गाठीत.
नात म्हणते, मिठाला दे.
मी म्हणते, राहू दे.
मीठ माझ्या पैशांनी आण.